रत्नप्रभेचं तोंड

रत्नप्रभेला मी पाडली, असं आमच्या चाळीत अजून म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणत नाहीत, तेवढी हिंमत कुणात नाही. पण मी नळावर गेले की बायकांचं बोलणं मध्येच थांबतं, आणि ते का थांबलं हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. घाटकोपरच्या भटवाडीत साड्यांना फॉल लावून दोन पोरं मोठी केलीत मी. तेव्हा एकदा काय झालं ते सगळं सांगून टाकते. मग ज्याला मला बोल लावायचा असेल त्याने खुशाल लावावा.

रत्नप्रभा माझी शेजारीण. आमच्या दोन खोल्यांमध्ये नुसता एक पत्रा. तिने कढईत मोहरी टाकली की ठसका मला लागायचा. नवरा गुणाजी मिलमध्ये होता, संपात घरी बसला तो बसलाच, आणि पुढे मुलुंडला एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागला. तोवर घर चाललं ते हिच्या खानावळीवर. कणकवलीकडचे आठ-दहा एकटे बाप्ये तिच्याकडे जेवायचे आणि जेवताना तिच्या शिव्या खायचे. ताटात भात टाकला तर ती सोडायची नाही. "तुझी आवस तांदूळ पेरूक गेली काय रे मेल्या?" असं भर पंगतीत विचारायची. मेले हसायचे आणि भात संपवायचे.

तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की कुत्री पळायची, हे खरं. पण त्या तोंडावर ते घर उभं होतं, हेही खरं. संपाच्या दिवसांत गुणाजी गुडघ्यात मान घालून कोपऱ्यात बसायचा. रेशनवाला म्हणाला रॉकेल संपलं, तर ही त्याच्या पायरीवर मांडी ठोकून बसली. "संपला ना? मगे माका पिंप उघडून दाखय." पिंप उघडेपर्यंत उठली नाही, आणि उघडल्यावर अख्ख्या चाळीला रॉकेल मिळालं. मुलीला, अनुपमाला, शाळेत जागा नाही म्हणाले तर शाळेच्या पटांगणात उभी राहून तिने अशी काही आरती ओवाळली की हेडमास्तर स्वतः खाली आले. गुणाजीला हे कधीच जमलं नसतं. तो गरीब माणूस, पण नुसतं गरीब असून मुंबईत काय होतंय?

माझं आणि तिचं भांडण रोजचं. नळाला पाणी यायचं तासभर, आणि बादल्यांच्या रांगेत माझी पुढे की तिची पुढे यावर आमचा दिवस उजाडायचा. ती मला सटवे म्हणायची, मी तिला भवाने म्हणायची. लोक दात घासत ऐकत उभे राहायचे. आणि दुपारी तीच भवानी वाटीभर कुळथाची पिठी घेऊन माझ्या दारात. "घे गो सटवे, जास्त झाली." जास्तबिस्त काही झालेली नसायची. माझी मशीन सकाळपासून चालू आहे आणि चूल पेटलेली नाही, हे तिला पत्र्यापलीकडून ऐकू यायचं.

या बाईला भीती एकाच गोष्टीची. तिच्या आईच्या अंगावरून वारं गेलं होतं. जात्यावर दळताना बसल्या जागी कलंडली ती सहा वर्षं उठली नाही. तिचं हगणंमुतणं काढलं ते रत्नप्रभेने, परकर-पोलक्यातल्या वयात. मला सांगायची, "मालन, देवान माका उचलूचा आसात तर एका फटक्यात उचलूंदे. पण आवशीसारखी पाडून ठेवू नको." हे सांगताना मात्र तिचा आवाज बारीक व्हायचा.

पंच्याऐंशी सालच्या नवरात्रात मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये फुकट तपासणी ठेवली. मार्तंड गुप्ते म्हणून आमच्याच भागातले डॉक्टर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं फटकळ. फुकट आहे म्हणून आम्ही दोघी गेलो, गुणाजीही आला. रांगेत एकजण मध्ये घुसला, त्याची रत्नप्रभेने यथासांग पूजा बांधली, आणि मग ती डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांनी हे सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "आधी त्या बाकावर शांत बसा. श्वास खाली बसू दे, मग मोजतो. आत्ता मोजला तर तुमचं भांडण मोजलं जाईल."

बऱ्याच वेळाने दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबदाबून हवा भरली, पेटीतला पारा सरसर वर गेला. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "एकशेनव्वद, खाली एकशेचौदा," म्हणाले. "वय काय?"

"एक्केचाळीस," गुणाजी म्हणाला, आणि वर शहाणपण केलं. "शंभरात वय मिळवायचं ना डॉक्टर? म्हणजे एकशेएक्केचाळीस पायजे. थोडासा जास्त आहे म्हणा."

"हे गणित कुणी शिकवलं?"

"मिलमध्ये सगळेच म्हणायचे."

"सगळेच चूक म्हणायचे," डॉक्टर म्हणाले. मग रांग खोळंबली असतानाही त्यांनी आम्हाला नीट समजावलं. हृदय आवळून रक्त पुढे ढकलतं, तेव्हा नळ्यांवर जो जोर येतो तो वरचा आकडा. मग हृदय सैल पडतं, तेव्हाही नळ्यांत थोडा जोर उरतो, तो खालचा. वरचा एकशेवीसच्या आसपास, खालचा ऐंशीच्या आसपास असला की ठीक. खालचा पुन्हा पुन्हा नव्वदच्या वर दिसायला लागला की दुर्लक्ष करायचं नाही. "आणि यांचं हृदय आराम करतंय तेव्हाच एकशेचौदा. म्हणजे नळ्यांना विसावा कसा तो नाहीच."

"पण माझां काय दुखत नाय," रत्नप्रभा म्हणाली.

"दुखत नाही हीच तर बोंब आहे, बाई. चाळीत नळाचा पाईप आहे ना? पाणी रोज जोराने येतं, आतून तो रोज थोडा मार खातो. बाहेरून रंग दिलेला, छान दिसतो. फुटतो त्या दिवशीच कळतं. इथे पाईप फुटला तर मेंदूत फुटेल. नाहीतर हृदय थकेल, मूत्रपिंड जाईल, डोळे जातील. मीठ कमी करा. ही गोळी रोज सकाळी. बरं वाटलं तरी घ्यायची, आकडा उतरला तरी घ्यायची. गोळी घेताय म्हणून तो उतरलेला असतो."

एवढं सगळं छान सांगितलं आणि शेवटी, उठता उठता, डॉक्टरांनी एक शेपूट जोडलं. "आणि बाई, चिडचिड जरा कमी करा." सगळा हॉल हसला. झालं! पाईप, नळ्या, वरचा, खालचा, सगळं त्या हॉलमध्येच राहिलं. चाळीत पोचलं ते एवढंच, की रत्नप्रभेला रागाने प्रेशर झालंय.

तरी सुरुवातीला तिने गोळ्या घेतल्या. महिन्याभराने पुन्हा दाखवलं तर एकशेचाळीस, खाली नव्वद. डॉक्टर खूश. पण त्या गोळीने सारखी लघवीला लागायची. आमच्या चाळीला संडास टोकाला, त्यातल्या एकाचं दार मोडकं, आणि वाटेत वडाच्या पारावर बाप्ये पत्ते कुटत बसलेले. दिवसातून चार-पाच वेळा हातात टमरेल घेऊन त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे बाईमाणसाला मेल्याहून मेल्यासारखं. ती मला म्हणायची, "ही गोळी माका गरम पडता." मला वाटलं, पडत असेल. डॉक्टरांना सांगावं, ते गोळी बदलून देतील, हे तिला सुचलं नाही. पुरुषासमोर लघवीचं काय बोलायचं?

डिसेंबरात गुणाजीचा थोरला भाऊ नाना गावाहून आला, मोतीबिंदू दाखवायला. गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा, त्यामुळे नानाने शब्द टाकला की गुणाजीच्या घरात तो खाली पडत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "ही उष्णता गो. रक्त तापता आणि डोक्याक चढता. त्यात तुझी गोळी गरम. आकडो उतरलो मां? मगे गोळी कित्याक? मी आगळ आणलंय, ता रोज घे. कोकमासारख्या थंड काय नाय. आणि तोंडार ताबो ठेव. राग गेलो काय प्रेशर गेला."

आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस, सोलकढीला घालतात तो. नानाने मोठा कॅन भरून आणला होता, आणि पुढे गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तो बाटल्या धाडत राहिला. भावजयीच्या जिवाची काळजी होती त्याला, त्यात खोट नव्हती. रत्नप्रभा रोज सकाळी अर्धी वाटी आगळ पाण्यात घालून घ्यायची, दुपारी पुन्हा. आणि पथ्य म्हणून भाजी-आमटीत मीठ नाही! स्वतःपुरतं वेगळ्या टोपात अळणी शिजवायची आणि घास घशाखाली ढकलायची. खानावळीतले बाप्ये तिच्या पथ्याचं कौतुक करायचे.

आणि तिने तोंड बंद केलं.

तुम्हाला कळायचं नाही हे काय झालं ते. ताटात भात टाकून कुणी उठला तर ती मुकाट ताट उचलायची. पोरांनी तिच्या धुतलेल्या ओट्यावर चिखलाचे पाय उमटवले तर फडकं घेऊन पुसायची. रेशनवाल्याने मापात मारलं तरी तेवढंच घेऊन घरी यायची. गुणाजी सगळ्यांना दटावत फिरायचा, "तिला काय बोलू नका, तिला चिडायचं नाय." अनुपमा नववीत नापास झाली हे तिच्यापासून दोन महिने लपवलं. कळलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली, ओठ दातांखाली धरून. ओठातून रक्त आलं होतं, मी पाहिलं.

मी एकदा मुद्दाम तिची बादली मागे सारून माझी पुढे लावली. वाटलं, आता तरी पेटेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि मागे जाऊन उभी राहिली. मलाच रडू फुटलं. मी म्हटलं, "अगं भवाने, भांड की! अशी मेल्यासारखी काय उभी राहतेस?"

ती हळूच म्हणाली, "माका आवशीसारखा पडूचा नाय, मालन."

ती रोज पत्र्यापलीकडे असायची, आणि मला तिची आठवण यायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, बघा, कशी गाय झाली, प्रेशर गेलं वाटतं. गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यामागे धूळ खात पडली होती. गुप्ते डॉक्टरांकडे ती फिरकली नाही. राग गेला तर आता मोजायचं काय, असं तिचं म्हणणं.

पुढच्या नवरात्रात पुन्हा तपासणी लागली. आता मात्र ती आपणहून निघाली, इस्त्रीची साडी नेसून. वर्षभराचं पथ्य डॉक्टरांना दाखवायचं होतं तिला. रांगेत एक पोरगा तिच्या पायावर पाय देऊन पुढे गेला, तरी ती गप्प. बाकावर हात मांडीवर ठेवून शांत बसली. डॉक्टरांनी पारा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. दुसऱ्या हाताला बांधून बघितलं. त्यांचा चेहरा पडला.

"दोनशेचार," ते म्हणाले. "खाली एकशेवीस. गोळ्या कधी बंद केल्या?"

रत्नप्रभा म्हणाली, "पण डॉक्टर, मी वर्षभर कुणाला उलटून बोलले नाय. पोरीला एक चापट मारली नाय. मग ह्यो चढलो कसो?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "रागाने तो घटकाभर चढतो आणि उतरतो, बाई. तुमचा हा आजार वेगळा. तो तुम्ही झोपलात तरी आहे, हसलात तरी आहे. त्याला तुमचा राग माहीतच नाही." मग त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि आजच्या आज हॉस्पिटलात जा म्हणून बजावलं. ही म्हणाली, "आज बाप्ये जेवायचे आहेत. उद्या सकाळी पाणी भरून जाते." मी म्हटलं, मी नेते तिला. त्या संध्याकाळी तिने गोळी घेतली. पण वर्षभर मार खाल्लेल्या पाईपाला एका गोळीने काय होणार होतं?

सकाळी नळावर तिच्या बादलीपुढे माझी बादली होती. वर्षभराची मला सवयच लागली होती, खरं सांगते. मागून आवाज आला, "गो सटवे!"

माझ्या हातातला तांब्याच पडला. ती कमरेला पदर खोचून उभी होती. "वर्षभर माझी पाळी खाल्लंस! मी गप रवलंय म्हणून माका मेलेली समजलंस काय? उचल ती बादली, नायतर पाण्यासकट तुझ्या डोक्यार ओततंय!" अहाहा! मीही पदर खोचला. म्हटलं, "ये भवाने, ये! वर्षभर कुठे मेली होतीस?" चाळ जमली. ती मला, नानाला, रेशनवाल्याला, पत्ते कुटणाऱ्या बाप्यांना, सगळ्यांना एका दमात शिव्या हासडत होती. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. सोळा वर्षांच्या शेजारात मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती.

आणि शब्द अर्ध्यात तुटला. उजव्या हातातली बादली सुटली. तोंड डावीकडे ओढलं गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ते डोळे मी मरेपर्यंत विसरणार नाही. आईला पडताना बघितलेली बाई ती. तिला कुणी सांगायला नको होतं.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, खाण्यात मीठ किती होतं? गुणाजी छातीवर हात ठेवून म्हणाला, "शपथ घेतो. वर्षभर अळणी जेवली."

"आणि आगळ?" मी म्हटलं.

"आगळ म्हणजे?"

"कोकमाचा रस. थंड असतो," गुणाजी म्हणाला. "वर्ष वर्ष टिकतो."

"टिकतो कशाने?"

गुणाजीने तोंड उघडलं. "मीठ घा..." म्हणाला आणि तिथेच थांबला. मूठ मूठ मीठ घालतात आगळात, कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण थंड म्हटल्यावर त्यातलं मीठ कुणालाच दिसलं नाही.

चाळीने मात्र आगळाचं नाव घेतलं नाही. नानाला कोण बोलणार? मालनने चिडवलं, एवढं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मी गुप्ते डॉक्टरांना जाऊन सरळ विचारलं, खरं सांगा, मी पाडली का तिला? ते म्हणाले, "पाईप कुजलेला होता. त्या दिवशी नळावर फुटला, दुसऱ्या दिवशी चुलीशी फुटला असता. भांडण निमित्त झालं असेल, कारण नव्हे." मी हे चाळीत सांगितलं. कुणाला पटलं नाही. वर्षभर गप्प राहून जो आकडा उतरला नाही तो एका भांडणाने चढला म्हणे!

रत्नप्रभा घरी आली ती उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. खाटेवर, आईसारखीच. गुणाजीने मला दाराबाहेर ठेवलं. "मालनवहिनी, पाया पडतो, येऊ नका. ती चिडेल." इतकं होऊनही तेच! मी पत्र्याला कान लावून बसायची. आणि एक दिवस पलीकडून आवाज आला, जड, घोगरा. "सटवे." थोड्या वेळाने पुन्हा, "सटवे." सगळी भाषा गेली होती. नवऱ्याचं नाव गेलं, पोरीचं गेलं, देवाचं गेलं. तेवढा एक शब्द राहिला होता.

ती गोळी घेत नसे. दात घट्ट मिटून घ्यायची. गुणाजीने हात जोडले, अनुपमा रडली, काही उपयोग नाही. शेवटी अनुपमाच मला हाताला धरून आत घेऊन गेली. मी गोळी कुस्करून चमच्यात घेतली आणि तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "काय गं भवाने, माझी पाळी खाऊन वर झोपून राहिलीस?" तिचे डोळे पेटले. "स..." म्हणायला तोंड उघडलं, तसा चांगल्या बाजूने चमचा आत. गिळून झाल्यावर तिने शब्द पुरा केला. "सटवे." त्यानंतर रोज सकाळी हेच. गुणाजी बाहेर ओट्यावर कानात बोटं घालून बसायचा, आणि आत आम्ही भांडायचो. जवळजवळ दोन वर्षं तिने एक गोळी चुकवली नाही. आकडा खाली राहिला, गुप्ते डॉक्टरांनी स्वतः येऊन मोजला. पण गेलेलं परत आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला दुसरा, लहानसा झटका आला. डॉक्टर म्हणाले, आधी झालेली नासाडी गोळी भरून काढत नाही. आता तो शब्दही गेला. आईची सहा वर्षं झाली होती, हिचं तिसरं चालू आहे.

मी अजून जाते. चमचा हातात धरते, आणि आधी म्हणते, "काय गं भवाने, उठतेस की ओतू पाणी?" ती माझ्याकडे बघते. उत्तर येईल म्हणून मी थोडी थांबते. मग ती नुसतंच तोंड उघडते, आणि मी गोळी घालते.